जहाजांना माल कमी पडू लागला की मंदी येते का? ठाणे-नवी मुंबईतील वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उरणच्या ट्रेलरमालकापासून वागळे इस्टेटमधल्या लघुउद्योजकापर्यंत अनेकांचे पोट न्हावा शेवा बंदरावर अवलंबून आहे. जागतिक जहाजवाहतूक मंदावल्याची बातमी आली की हे सगळे अस्वस्थ होतात आणि साधारण तेच प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरांची लांबी सारखी नाही, कारण प्रश्नांची खोलीही सारखी नाही.

जहाजांकडे येणारा माल घटला म्हणजे अर्थव्यवस्था अडचणीत आहे, असे कशाच्या आधारावर म्हणतात?

जगातल्या मालव्यापारापैकी ८० टक्क्यांहून अधिक माल, वजनाच्या हिशेबाने, समुद्रमार्गे जातो. भारताच्या परदेश व्यापारात हे प्रमाण सुमारे ९५ टक्के आहे. त्यामुळे कारखान्यांची हालचाल जहाजांवर उमटल्याशिवाय राहत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट काळाची आहे. युरोपातला दुकानदार नाताळात विकायचा माल उन्हाळ्यातच मागवतो आणि त्यासाठी जहाजावरची जागा विक्रीच्या कितीतरी आधी राखून ठेवावी लागते. ग्राहक हात आखडता घेणार असे त्याला वाटले, तर तो ऑर्डर कमी करतो, आणि ही कपात सर्वांत आधी जहाज कंपनीच्या बुकिंगमध्ये दिसते. विकासदराचे सरकारी आकडे येईपर्यंत तिमाही उलटून गेलेली असते आणि नंतर तेही सुधारले जातात.

दुसरे कारण असे की या व्यवहारात हौस किंवा सट्टा फारसा नसतो. शेअर बाजारात भाव अफवेवर वर-खाली होतात, पण गरज नसताना कोणी चाळीस हजार टन कोळशासाठी जहाज भाड्याने घेत नाही. म्हणूनच जहाजवाहतुकीचे आकडे अर्थतज्ज्ञ गांभीर्याने पाहतात. मात्र ‘आकडे’ म्हणजे नेमके कोणते, हे न पाहिल्यामुळेच बहुतेक गैरसमज होतात. जहाजाचे भाडे ही एक गोष्ट आणि प्रत्यक्ष मालाचे प्रमाण ही दुसरी. बातम्यांमध्ये बहुधा पहिल्या गोष्टीची घसरण सांगितली जाते आणि निष्कर्ष दुसऱ्या गोष्टीबद्दल काढला जातो.

बाल्टिक ड्राय निर्देशांकाचे नाव नेहमी ऐकू येते. तो काय मोजतो?

लंडनमधील बाल्टिक एक्स्चेंज ही संस्था तो रोज जाहीर करते. लोहखनिज, कोळसा, धान्य असा सुटा, कोरडा माल वाहणाऱ्या मोठ्या जहाजांची भाडी त्यात मोजली जातात. आजच्या रचनेत केपसाइझ, पॅनामॅक्स आणि सुप्रामॅक्स या तीन आकारांची जहाजे धरली जातात आणि त्यात सर्वाधिक, म्हणजे ४० टक्के, भार केपसाइझचा असतो. हा सगळा कच्चा माल असल्यामुळे निर्देशांक कारखान्याच्याही एक पायरी आधीची हालचाल दाखवतो.

त्याची कीर्ती झाली ती २००८ मुळे. त्या वर्षी २० मे रोजी निर्देशांक ११,७९३ या विक्रमी पातळीवर होता. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक कोसळली आणि ५ डिसेंबरला निर्देशांक ६६३ वर आला, म्हणजे सुमारे साडेसहा महिन्यांत ९४ टक्के घट झाली. मालाची गरज एवढ्या वेगाने ओसरत नसते. झाले असे की बँकांचा एकमेकींवरचा विश्वास उडाला आणि लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे खरेदीदाराच्या वतीने बँकेने दिलेली पैशांची हमी, मिळेना. पैसे मिळण्याची हमी नसेल तर विकणारा माल जहाजावर चढवत नाही, त्यामुळे बंदरात माल आणि समोर जहाज असूनही व्यवहार अडला. म्हणजे निर्देशांकाने त्या वेळी मागणीइतकीच पतपुरवठ्याची नाडीही दाखवली होती, आणि माझ्या मते त्याची खरी उपयुक्तता तीच होती. त्यानंतर २००९ मध्ये जागतिक मालव्यापाराचे आकारमान सुमारे १२ टक्क्यांनी घटले आणि भारताची निर्यात ऑक्टोबर २००८ पासून जवळपास वर्षभर घसरत राहिली.

आता याच काळात न्हावा शेवा येथे काय झाले ते पाहावे. बंदरातून हाताळलेल्या कंटेनरांची संख्या, वीस फुटी कंटेनर हे एकक धरून, २००७-०८ मध्ये ४० लाखांच्या थोडी वर होती आणि २००८-०९ मध्ये ती ४० लाखांच्या थोडी खाली आली. तिकडे भाडे ९४ टक्क्यांनी पडले आणि इकडे कंटेनर अगदी थोडे कमी झाले. हे दोन्ही आकडे खरे आहेत. भाडे हा टोकाचा, क्षणिक भाव असतो, कारण शेवटच्या काही जहाजांना माल मिळाला नाही तरी सगळ्यांचेच भाडे पडते.

मग २०१६ मध्ये निर्देशांक त्याहूनही खाली गेला, तेव्हा जागतिक मंदी का आली नाही?

फेब्रुवारी २०१६ मध्ये बाल्टिक ड्राय निर्देशांक २९० या नीचांकावर आला होता. चीनची वाढ मंदावली होती हे खरे, पण मुख्य कारण जहाजे जास्त झाली हे होते. तेजीच्या काळात जहाजमालक भराभर नव्या जहाजांच्या ऑर्डर देतात, ती बांधून यायला दोन-तीन वर्षे लागतात आणि ती पाण्यात उतरेपर्यंत तेजी ओसरलेली असते. २००८ च्या आसपास मागवलेली जहाजे पुढची अनेक वर्षे येतच राहिली. मालाची मागणी वाढत असूनही जहाजे त्याहून वेगाने वाढली तर भाडे पडते, आणि त्या पडझडीला मंदी म्हणणे चूक ठरते.

त्या पडझडीत जहाज कंपन्यांचे मात्र हाल झाले. दक्षिण कोरियाच्या हानजिन कंपनीने ऑगस्ट २०१६ च्या अखेरीस दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर न्यायालयाकडे धाव घेतली, तेव्हा तिची जहाजे अब्जावधी डॉलरचा माल घेऊन समुद्रात अडकली. बंदरशुल्क कोण भरणार याची खात्री नसल्याने अनेक बंदरे त्यांना आत घेईनात. भाडे फार पडणे हेही आयातदारासाठी धोक्याचे असू शकते, हे त्या वेळी अनेकांना कळले.

कंटेनरच्या भाड्यासाठी वेगळा निर्देशांक आहे का?

आहे. शांघाय कंटेनर भाडे निर्देशांक दर शुक्रवारी आणि ड्र्यूरी या संस्थेचा जागतिक कंटेनर निर्देशांक दर गुरुवारी प्रसिद्ध होतो. तयार वस्तूंचा व्यापार समजून घ्यायचा असेल तर बाल्टिकपेक्षा हे दोन अधिक उपयोगी आहेत. कळंबोलीच्या लोखंड बाजारात व्यवहार करणाऱ्याने मात्र बाल्टिकवर नजर ठेवावी. समुद्रमार्गे जाणाऱ्या लोहखनिजाचा निम्म्याहून बराच अधिक वाटा एकटा चीन घेतो आणि तिथली बांधकामे थंडावली की त्याचा परिणाम खनिजाच्या जहाजांवर आणि पोलादाच्या भावावर दोन्हीकडे होतो.

२०२२-२३ मधली घसरण खरा इशारा होता की खोटा?

दोन्हीचे मिश्रण होते, आणि म्हणूनच हे उदाहरण सर्वांत शिकण्यासारखे आहे. करोनाच्या काळात लोक हॉटेल आणि प्रवासावर खर्च करू शकत नव्हते, म्हणून त्यांनी वस्तू घेतल्या. बंदरांत गर्दी झाली, कंटेनर अडकून पडले आणि मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवे राहिले. शांघाय निर्देशांक जानेवारी २०२२ मध्ये ५,१०० च्या वर गेला. माल वेळेवर मिळेल याची खात्री नसल्याने अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळ्यांनी गरजेपेक्षा जास्त मागवून ठेवले. मग लोक पुन्हा प्रवासाला निघाले, महागाई वाढली, व्याजदर चढले आणि गोदामे मालाने तुडुंब भरलेली राहिली. दुकानदारांनी नव्या ऑर्डरच थांबवल्या. फेब्रुवारी २०२३ पर्यंत शांघाय निर्देशांक हजाराच्या खाली आला होता.

त्या वेळी जागतिक मंदी उंबरठ्यावर आहे असे भाकीत सर्रास केले जात होते. प्रत्यक्षात २०२३ मध्ये जागतिक मालव्यापाराचे आकारमान सुमारे १ टक्क्याने घटले, जर्मनीची अर्थव्यवस्था किंचित आकुंचन पावली, पण अमेरिका मंदीत गेली नाही. इशारा खोटा नव्हता, पण तो उत्पादनक्षेत्रापुरता होता. सेवाक्षेत्र चालू राहिले आणि जहाजांना ते दिसत नाही. ज्या देशाचे पोट कारखान्यांवर चालते त्याला झळ बसली आणि ज्याचे सेवांवर चालते तो बचावला.

या घसरणीत आणखी एक यंत्रणा काम करत होती. ग्राहकाची खरेदी पाच टक्क्यांनी घटली तर दुकानदार आधीचा साठा संपवण्यासाठी ऑर्डर दहा टक्क्यांनी घटवतो, घाऊक व्यापारी वीस टक्क्यांनी आणि कारखाना कच्च्या मालाची मागणी त्याहून जास्त. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, पण दिशा नेहमी हीच असते. जहाज या साखळीत ग्राहकापासून दूर असल्यामुळे त्याच्यापर्यंत धक्का मोठा होऊन पोहोचतो. म्हणून जहाजवाहतुकीच्या घसरणीचा आकडा जसाच्या तसा अर्थव्यवस्थेला लावू नये.

तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांनंतर भाडी चढली. मग मागणी वाढली असे समजायचे का?

नाही. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर बहुतेक मोठ्या कंपन्यांनी सुएझचा मार्ग सोडून जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून नेली. फेरी साधारण दहा ते चौदा दिवसांनी लांबली. तेवढाच माल वाहायला अधिक जहाजे गुंतली, म्हणून भाडी वाढली. उलट हा मार्ग पूर्ववत होईल तेव्हा जहाजे मोकळी होतील आणि भाडी पडतील, आणि त्या वेळीही कोणीतरी मंदी आल्याची बातमी देईल.

भाडे स्वस्त झाले तर आमच्यासारख्या निर्यातदारांचा फायदाच नाही का?

तळोजा किंवा रबाळे औद्योगिक क्षेत्रातले उद्योजक हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तर मालाच्या किमतीवर अवलंबून आहे. समजा एका कंटेनरमध्ये २५ टन तांदूळ आहे आणि त्याची किंमत दहा लाख रुपये आहे. भाडे चार लाखांवरून एक लाखावर आले तर या व्यापाऱ्याचे सगळे गणितच बदलते. त्याच आकाराच्या कंटेनरमध्ये दोन कोटींची औषधे असतील तर तीन लाखांची बचत म्हणजे दीड टक्का, आणि परदेशातल्या ग्राहकाने एक ऑर्डर पुढे ढकलली तर ती बचत कुठल्या कुठे जाते. म्हणून भाडे का पडले हे आधी विचारावे. जहाजे वाढल्यामुळे पडले असेल तर आनंद मानावा. ग्राहक मागे हटल्यामुळे पडले असेल तर स्वस्त भाड्यात पाठवायला मालच उरणार नाही.

यात आणखी एक खाच आहे. मागणी घटली की कंपन्या ठरलेली फेरीच रद्द करतात. या व्यवसायात तिला ब्लँक सेलिंग म्हणतात. माल सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर भरण्या-उतरवण्याच्या बंदराजवळच्या गोदामात, पोहोचलेला असतो, जहाज मात्र येत नाही, आणि पुढच्या आठवड्याच्या जहाजापर्यंत साठवणुकीचा खर्च निर्यातदाराच्या माथी पडतो. स्वस्त भाडे आणि बेभरवशाचे वेळापत्रक बहुधा जोडीनेच येतात.

न्हावा शेवा येथील आकड्यांवरून जागतिक स्थितीचा अंदाज बांधता येतो का?

काही प्रमाणात येतो, पण फार सावधपणे. न्हावा शेवा येथील बंदर, म्हणजेच जवाहरलाल नेहरू बंदर, मे १९८९ मध्ये सुरू झाले आणि आज ते देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. २०१९-२० मध्ये तिथे सुमारे ५० लाख कंटेनर हाताळले गेले आणि करोनाच्या २०२०-२१ या वर्षात ते सुमारे ४७ लाखांवर आले. ही घट खऱ्या धक्क्याची होती. पुढे २०२२-२३ मध्ये संख्या ६० लाखांपलीकडे, २०२३-२४ मध्ये ६४ लाखांवर आणि २०२४-२५ मध्ये ७३ लाखांच्या आसपास गेली.

गंमत अशी की २०२३-२४ मध्येच भारताची वस्तुनिर्यात सुमारे ४५१ अब्ज डॉलरवरून ४३७ अब्ज डॉलरवर घसरली होती. निर्यात घटली आणि बंदरातले कंटेनर वाढले, हे परस्परविरोधी वाटते, पण तसे नाही. निर्यातीचा आकडा डॉलरमध्ये असतो आणि त्यात पेट्रोलियम पदार्थांसारखा माल असतो, जो कंटेनरमधून जातच नाही. त्याचा भाव उतरला की एकूण मूल्य घटते. शिवाय बंदराच्या आकड्यात आयातही असते आणि रिकामे कंटेनरही असतात.

स्थानिक कारणे तर याहून अधिक फसवतात. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली आणि मे २०२४ पर्यंत ती कायम होती. त्या काळात वाशीच्या बाजार समितीतून बंदराकडे जाणारे कांद्याचे कंटेनर थांबले, पण त्याचा जागतिक मागणीशी काडीचा संबंध नव्हता. मुंद्रा बंदराने न्हावा शेव्याचा काही माल ओढून घेतला, हीदेखील स्पर्धा आहे, मंदी नव्हे. सर्वांत ठळक उदाहरण सीएफएसचे आहे. २०१६-१७ पासून बंदरातून थेट आयातदाराच्या दारात माल नेण्याच्या पद्धतीला चालना मिळाली आणि परिसरातल्या सीएफएसकडे येणारे आयातीचे काम कमी झाले. तिथल्या कामगारांना वाटले की व्यापारच बसला. व्यापार वाढतच होता, फक्त तो त्यांच्या फाटकातून जाणे थांबले होते. त्यांच्या रोजीरोटीच्या दृष्टीने या भेदाला अर्थ नाही हे मान्य आहे, पण निदान करताना तो करावाच लागतो.

द्रोणागिरी परिसरातल्या यार्डांत रिकाम्या कंटेनरांच्या थप्प्या लागलेल्या दिसतात. हे वाईट लक्षण आहे का?

नुसत्या थप्पीवरून सांगता येत नाही. आयात जास्त आणि निर्यात कमी असेल तर रिकामे कंटेनर साचतात. म्हणजे देशातली मागणी जोरात असतानाही थप्पी वाढू शकते. २०२१ मध्ये नेमके उलटे झाले होते: निर्यातीचा माल तयार असूनही कंटेनर मिळत नव्हते, कारण चीनमधून अमेरिकेकडे जाणारा माल अधिक भाडे देत होता आणि कंपन्या रिकामे कंटेनर तिकडे पळवत होत्या.

थप्पीपेक्षा कंटेनर घेतानाची तपासणी पाहणे अधिक बोलके असते. धान्य, मसाले किंवा औषधांसाठी कंटेनर उचलण्यापूर्वी एक माणूस आत जातो, बाहेरून दोन्ही दारे बंद केली जातात आणि छतातून किंवा पत्र्याच्या जोडातून कुठे उजेडाचा ठिपका दिसतो का हे तो पाहतो. टंचाईच्या काळात सुईच्या टोकाएवढ्या छिद्रावर पट्टी लावून तोच कंटेनर मुकाट्याने घेतला जातो. कंटेनर मुबलक झाले की जमिनीला तेलाचा डाग आहे, दाराचे रबर फाटले आहे, वास येतो, अशा कारणांनी दोन-तीन परत करून चौथा घेतला जातो आणि यार्डवालाही वाद घालत नाही. माणसे किती चोखंदळ झाली आहेत यावरून बाजार कोणाच्या हातात आहे हे कळते, आणि ते कोणत्याही निर्देशांकाच्या आधी कळते.

२०२५ मधल्या अमेरिकी आयातशुल्काने हे सगळे बिघडवले का?

आकडे वाचणे नक्कीच अवघड केले. एप्रिल २०२५ मध्ये चिनी मालावरचे शुल्क १४५ टक्क्यांपर्यंत गेले आणि मे महिन्यात ते तात्पुरते उतरले. भारतीय मालावर २७ ऑगस्ट २०२५ पासून ५० टक्के शुल्क लागू झाले. अशा तारखा आधीच माहीत असल्या की व्यापारी शुल्क लागण्यापूर्वी माल पाठवण्याची घाई करतात. त्या महिन्यांत जहाजे भरून जातात, तेजी आल्यासारखे वाटते आणि नंतर पोकळी निर्माण होते. ती पोकळी मागणी आटल्यामुळे असते की मागणी आधीच उचलली गेल्यामुळे, हे दोन्ही टप्प्यांची सरासरी काढल्याशिवाय सांगता येत नाही.

माझा मुलगा जहाजावर जाण्याचे शिक्षण घेत आहे. त्याने काळजी करावी का?

नेरूळ आणि परिसरातल्या सागरी प्रशिक्षण संस्थांमुळे हा प्रश्न इकडे वारंवार येतो. भाडी फार पडली की मालक जहाजे नांगरून ठेवतात किंवा अलंगसारख्या ठिकाणी भंगारात काढतात. पहिला फटका नवख्या कॅडेटला बसतो, कारण अनुभवी अधिकारी लागतातच. मात्र हा फटका जहाजप्रकारानुसार वेगळा असतो. कंटेनरची जहाजे थंड असताना तेलवाहू जहाजे जोरात असू शकतात.

माझे दोन ट्रेलर आहेत आणि हप्ते चालू आहेत. मी नेमके कशावर लक्ष ठेवावे?

निर्देशांकांपेक्षा फॉरवर्डरला, म्हणजे निर्यातदारांसाठी जहाजावर जागा राखणाऱ्या मध्यस्थाला, विचारावे की पुढच्या महिन्याचे बुकिंग गेल्या वर्षी याच महिन्यात होते तेवढे आहे का, आणि किती फेऱ्या रद्द झाल्या आहेत. बुकिंग कमी, रद्द फेऱ्या जास्त आणि भाडे पडलेले, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी आणि एकाहून अधिक देशांच्या मार्गांवर दिसल्या तर तिसऱ्या ट्रेलरचे कर्ज पुढे ढकलावे. फक्त भाडे पडले असेल आणि कट-ऑफच्या, म्हणजे जहाजासाठी माल बंदरात पोहोचवण्याच्या शेवटच्या, दिवशी गेटवर रांग नेहमीइतकीच असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षाशी करावी, कारण चिनी नववर्षाच्या सुट्टीत तिथले कारखाने बंद असतात आणि जानेवारीच्या अखेरपासून फेब्रुवारीपर्यंत आयात दरवर्षीच मंदावते. चिनी नववर्षाची तारीखही दरवर्षी पुढेमागे होत असल्याने जानेवारी आणि फेब्रुवारी हे दोन महिने एकत्र धरूनच पाहावेत.